बिल्ला दिल्यानंतर

हळदीच्या मोंढ्यात तीस वर्षं पोती वाहिलेल्या रामजीनं आपला बिल्ला परत केला, तेव्हा भीमसिंग मुकादम एवढंच म्हणाला, "कायदा ठाऊक हाय ना?"

रामजीला नसेल तर कोणाला? बिल्ला परत दिलेल्या हमालानं पुन्हा पोत्याला हात लावायचा नाही, टोळीतल्या एकाची भाकरी जाते. हा कायदा त्यानंच भांडून आणला होता. एका म्हाताऱ्याच्या पाठीवरचं पोतं त्यानं भर बाजारात खाली ठेवायला लावलं होतं.

पण आता त्याचाच मणका गेला होता. "पोतं ठेवायचं की पाय, ते ठरवा," डॉक्टर म्हणाले. मग त्यानं हिंगोलीबाहेरच्या एका गोदामात गेटवरचं काम धरलं. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा नंबर वहीत लिहायचा. महिनाभर नीट केलं तर कायम. त्यासाठी तीन महिने आधीपासून बारावीतली आकांक्षा बापाकडून आकडे आणि इंग्रजी अक्षरं गिरवून घेत होती.

"बाबा, तीनाचं तोंड डावीकडं!"

"फिरवतो ना बाई. हात पोत्याचा हाय, दमानं फिरतो."

"पन्नाशी उलटली अन् शाळेत चालले," बायको केशरबाई भाकरी थापताना हसायची.

लिहायचं जमलं, बसायचं जमेना. पोती वाहून आलेला शीण झोपेनं उतरायचा. खुर्चीतला शीण सकाळी उठल्यावरही अंगातच असायचा.

बाविसाव्या दिवशी भीमसिंगाची टोळी त्याच गोदामात हळदीचा ट्रक उतरवायला आली. रामजीच्या जागी घेतलेला वसराम नवखा होता. फळीवर त्याचा पाय सटकला, पोतं कलंडलं. रामजी कधी उठला, कधी खांदा लावला, त्याचं त्यालाच कळलं नाही. पोतं पाठीवर घेऊन तो थप्पीकडं चार पावलं गेलासुद्धा.

"रामजी, ठेव खाली," भीमसिंग म्हणाला.

"आरं, पोरगं पडून राहिलं व्हतं."

"पोरगं उठलं. तू ठेव."

"दहा पावलं तर राहिली."

"तुझाच कायदा हाय, गड्या."

रामजीनं पोतं टेकवलं. कळ कमरेतून पार टाचेपर्यंत गेली. मान वर केली तर एक टेम्पो गेटातून निघून गेलेला. मागं नुसती धूळ.

मॅनेजर विजयकुमार पायरीवर उभे होते. "कोणती गाडी गेली?"

खोटा नंबर लिहिता आला असता. तेवढं आता येत होतं त्याला.

"न्हाई लिहिली साहेब. पोत्याकडं गेलतो."

"तुम्ही हमाल आहात की वॉचमन?"

रामजीनं खांद्यावरची हळद झटकली.

"या वेळी सोडतो. पुन्हा जागेवरून उठलात, तर घरीच बसा."

साहेब आत गेले. भीमसिंगानं गेटाजवळची खुर्ची उचलली आणि तोंड रस्त्याकडं करून ठेवली.

"हिकडं पाहूच नको. बस."

रामजी बसला. पाठीमागं पोती पडत होती. कोणाचं पोतं पडलं, हे त्याला नुसत्या आवाजावरून कळत होतं. वसरामचं वाकडंच पडत होतं. कमरेतून नको, गुडघ्यातून उचल, असं सांगावंसं वाटलं. पण त्यानं नजर रस्त्यावरून हलवली नाही.

कनेरगाव नाक्याकडून आलेला ट्रक गेटासमोर थांबला. एका हातानं कंबर धरून रामजीनं वही मांडीवर घेतली. ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत होता.

"चाचा, जल्दी करो ना!"

"थांब बाबा," रामजी मान वर न करता म्हणाला, "लिहून राहिलो."