पाकिटावरून गाळलेला शब्द

मोहाची फुलं पहाटे टपटपतात, सकाळी टोपल्यांत भरतात. पण गावदेवाला दाखवल्याशिवाय कुणी तोंडाला लावत नाही. दाखवून झालं की पहिला घास घरातल्या सगळ्यात धाकट्या लेकराचा. कुरखेड्याजवळच्या या गावाची ही जुनी रीत.

यंदा बायकांच्या बचत गटाने नव्या मोहाचे लाडू चॉकलेटात बुडवले होते. पूजेला तेच होते; पूजा होताच गावापुरती ठेवून बाकीची पाकिटं आरमोरीच्या दुकानात रवाना झाली.

बुधरीने नातीसाठी एक पाकीट उचललं आणि उलटंपालटं करून पाहू लागली. नात रीना, पाच वर्षांची. मागच्या साली एका जेवणात सोयावडी खाल्ली नि तिचा गळा सुजून बंद व्हायला आला होता. बुधरीला वाचता येत नव्हतं. डॉक्टरांनी एक शब्द मराठीत नि इंग्रजीत लिहून दिला, तो तिने चुलीच्या राखेत बोटाने गिरवून पाठ केला. तेव्हापासून प्रत्येक पुड्यावर ती तोच धुंडाळायची.

"आपल्याच लाडवात काय शोधून राह्यली, माय?" गटाची अध्यक्ष रंजीता हसली.

"सवय व पोरी. आंधळीची काठी हाय ते."

शब्द नव्हता. लाडू रीनाच्या हातात गेला.

घास गिळला, आणि ओठ फुगले. श्वास बांबूच्या फटीतल्या वाऱ्यासारखा वाजू लागला. शेजारच्या दसरूने मोटरसायकल काढली. बुधरी लेकराला छातीशी धरून बसली, मागून दुसऱ्या गाडीवर रंजीता.

दवाखान्यात मांडीत सुई गेली. रीनाच्या छातीचा भाता हळूहळू सुरळीत झाला.

मग डॉक्टरीणबाईंनी पाकीट मागितलं. "इमल्सिफायर, ३२२. म्हणजे लेसिथिन. कशापासूनचं?"

रंजीताच्या तोंडचं पाणी पळालं. "सोयाचं... चॉकलेटच्या खोक्यावर होतं, 'यात सोया आहे' म्हणून."

"मग तुमच्या पाकिटावर का नाही? ते लिहावंच लागतं."

आरमोरीच्या बाजारात जुन्या मोहाच्या लाडवांचं पाकीट वाचून हसलेल्या गिऱ्हाइकाचं बोलणं रंजीताच्या कानात पुन्हा वाजलं. 'रानच्या लाडवात सोया? मंग वडीच घेतो न बाई!' त्याच संध्याकाळी तिने नव्या पाकिटांवरून 'सोया' गाळून नंबर तेवढा ठेवला होता. थेंबभर तर असते, त्यानं काय होते?

बुधरी रडत नव्हती. तिने पाकीट रंजीतापुढे धरलं. "मी पाह्यलं होतं, पोरी. दोनदा पाह्यलं. तो शब्द इथी नव्हता न?"

"नव्हता, माय."

"मंग मी चुकली नाई." ती पाकिटाकडेच पाहत राहिली. "तू काढला काऊन?"

रंजीताने आरमोरीच्या दुकानदाराला फोन लावला. "पोचूभाऊ, ते लाडू... एकबी विकू नका."

"काय राह्यले आता!" पोचूभाऊ खुशीत होता. "नवा मोह हाय म्हणून लोकं पोरासोरांसाठी घेऊन गेले. अजून पाठव!"