उशिरा आलेली ओ

चंदूच्या बायकोने, सकूने, तीन दिवसांत डोळे उघडले नव्हते. प्रयोगशाळेतलं काम टाकून लेक करिष्मा गावी, पोशेऱ्याला, धावत आली.

उशाशी बसून चंदूने विचारलं, "तू तिथं करतेस तरी काय, बाय?"

"सूर्यासारख्या तापल्या वायूत लहरी सोडते, बा. हात तर घालता येत नाही. लहर परतायला किती वेळ लागला ते मोजते."

"म्हणजे हाक मारायची नि ओ ऐकायची! एवढ्यासाठी इतकी शिकलीस?"

करिष्माने डोंगरावरून मारतात तशी लांबट हाक आईच्या कानाशी मारली, "आयेऽऽ!"

काहीच नाही. चंदूने मान फिरवली.

खूप वेळाने सकूचे ओठ हलले, "ओ..."

"किती उशिरा," तो पुटपुटला.

"उशिरा येते ती लहर खोलवरून येते, बा."

चंदू वाकला. "सकूऽऽ!" आणि दोघं थांबून राहिली.