राखेच्या वाटीतला मणी

मणी मोहरीपेक्षा लहान होता, आणि त्याच्या डाव्या अंगाला दुधावर धरते तशी पातळ साय होती. साय राखाडी. म्हणजे शिसं अजून उरलं होतं.

लेकीने ते पाहिलं आणि तिला काहीच वाटलं नाही. आठ महिन्यांपासून वाटत नव्हतं.

"चमकला!" म्हणत बाबांनी चिमट्याने वाटी भट्टीबाहेर घेतली.

खाणीतल्या दगडाची पूड शिशाबरोबर वितळवायची, मग ते शिसं हाडांच्या राखेच्या वाटीत तापवायचं. राख शिसं पिऊन टाकते, सोनं-चांदी तेवढी मागे राहते. शेवटची साय फिटते त्या क्षणी मणी लख्खकन चमकतो. तो क्षण टिपण्यासाठी बाबा चाळीस वर्षं आगीत बघत आले होते, आणि आगीने त्यांचे डोळे खाल्ले होते. आता ते अंदाजानेच "चमकला" म्हणत. ते पाणी प्यायला उठले की लेक वाटी गुपचूप आत सरकवायची आणि मणी खरोखर चमकेपर्यंत थांबायची.

आज मात्र खाणीचा मुकादम दारातच ठाण मांडून बसला होता.

"काका, एवढ्या वेळात माझ्या बायकोने दोनदा स्वयंपाक केला असता."

"घाई असेल तर दगड चाटून बघ," बाबा म्हणाले. "पोरी, तोल गं."

तिने तोलला. शिशाच्या वजनाने काटा बराच झुकला. मुकादम मान लांब करून बघत होता.

"झकास! मग उद्याच खालचा बोगदा उघडतो. बारा माणसं उतरवतो. छत कच्चं आहे, मालक नको म्हणत होते, पण एवढा माल असल्यावर कोण ऐकतंय?"

"आपला आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ," बाबा हसले.

लेकीने मणी पारड्यातून उचलला. तो अजून कोमट असावा, पण बोटांना कळलं नाही.

"मुकादम, आकडा लिहू नका. मणी चमकलेला नाही."

"अगं, मी पाहिला की!"

"नाही पाहिलात, बाबा." तिचा आवाज वजन वाचून दाखवावं तसा सपाट होता. "आठ महिने झाले, तुम्हाला दिसत नाही. उद्यापासून भट्टीसमोर मी बसणार."