सुचेताच्या गाडीतलं चुंबक

रघुवीरची बायको सुचेता गेल्यापासून तिची लाल गाडी कार्डिफच्या घरासमोर तशीच उभी होती. मुलगी रश्मी दर फोनला ती विकायला सांगे आणि रघुवीर विषय बदले.

एकदा शेजारचा काँगोचा लुझोलो आला. लाकडी पेटीवर लोखंडी पट्ट्या बसवून त्याने अंगठ्यांनी वाजवायचं वाद्य केलं होतं. त्याचा आवाज मोठा करायला घरच्या घरी माइक बनवायचा, तर त्याला चुंबक हवं होतं. त्याच्याकडच्या रीतीने तो वडीलधाऱ्या रघुवीरला पापा म्हणे.

"पापा, तुमच्या वायपरच्या मोटरमध्ये असतं. गाडी तर मेलेलीच आहे."

"मेलेली नाही," म्हणत रघुवीरने दार लावलं.

शनिवारी गल्लीत ढोल आणि शिट्ट्यांची तालीम चालली होती. लुझोलोचे अंगठे हलताना दिसत होते, पण ऐकू काहीच येत नव्हतं. रघुवीर थोडा वेळ बघत राहिला. मग पाना आणून त्याने स्वतःच मोटर काढून दिली.

रविवारी सगळी गल्ली नाचली. नव्या माइकमधून येणारा वाद्याचा आवाज किरकिरा आणि कान फाडणारा होता.

"कसं वाटलं, पापा?"

"आमच्या सुचेताने पोलिस बोलावले असते."

लुझोलो पोट धरून हसला.

संध्याकाळी रश्मीचा फोन आला. "बाबा, गाडीचं काय?"

"विकायला काढ. फक्त घेणाऱ्याला सांग, वायपर चालत नाहीत."