झाऱ्याखालचे सूर्य

"उतरले! बाबांच्या अंगावर सूर्य उतरले!"

बस डेपोमागच्या सायकल स्टँडवरून ही आरोळी आली तेव्हा मी माझ्या चष्म्याच्या दुकानात एका आजोबांच्या नाकावर फ्रेम बसवत होतो. आजोबा फ्रेमसकट पळाले. मीही शटर ओढून धावलो, थोडा फ्रेमसाठी आणि जास्त ताईसाठी. माझी थोरली बहीण सकाळपासून त्या गर्दीत होती.

ताई रफूचं काम करायची. फाटक्या कोटावर तिची सुई फिरली की कोटवाल्यालाही भोक सापडत नसे. पण चाळिशी लागली आणि दोरा सुईच्या शेजारून जायला लागला. मी म्हटलं, "चष्मा घे, फुकट देतो." ती म्हणाली, "चष्मा बघून मालक म्हणेल बाई संपली. उद्या दुसरी आणून बसवेल." नेमका तेव्हाच डोळेबाबा उगवला. चष्मा उतरवून देणारा.

स्टँडवर देखावा खरंच बघण्यासारखा होता. ग्रहण अर्ध्यावर आलं होतं. जुनाट पत्र्याखाली बाबा पांढरा झगा घालून बसलेला, आणि झगाभर उजेडाच्या कोरीच कोरी. एरवी तिथे नुसते गोल कवडसे पडत. बायका हुंदके देत होत्या. एक हवालदार टोपी काढून, हात जोडून उभा होता.

"भक्तहो, आज सूर्य नरम आहे!" बाबा गरजला. "एरवी डोळे वटारतो, तो आज माझ्यापुढे वाकून आलाय. बघून घ्या त्याच्याकडे, उघड्या डोळ्यांनी! डोळ्यांतला सगळा मळ जळून जाईल. पापणी लवली तर मी जबाबदार नाही!"

शेवटचं वाक्य तेवढं खरं होतं. तो कशालाच जबाबदार नव्हता.

ताई उन्हात उभी होती, तोंड आभाळाकडे, गालांवर पाणी. मी तिला दंडाला धरून सावलीत ओढलं.

"किती वेळ बघत होतीस?"

"बाबा पुरे म्हणेपर्यंत. अरे, काही दुखत नाही!"

डोळ्याचा पडदा भाजला तरी दुखत नाही, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतं.

माझं डोकं फिरलं. शेजारच्या खानावळीतून तळणीचा झारा उचलला आणि उन्हात धरला. खाली एक कुत्रं झोपलं होतं. त्याच्या पाठीवर कोरीच कोरी. मग हवालदाराच्या टकलावर. लोक हसले.

"पाहिलंत? पत्र्याला खिळ्यांची भोकं आहेत! बारीक भोकातून सूर्याचं चित्रच खाली पडतं. रोज सूर्य गोल, म्हणून कवडसे गोल. आज चंद्र आडवा आलाय, म्हणून कोर. बाबाला उठवा आणि तिथे गाढव बसवा, त्याच्यावरही पडेल!"

चार माना पत्र्याच्या भोकांकडे वळल्या. मला वाटलं, जिंकलो. बाबानं डोळे मिटले, उघडले, आणि गोड हसला.

"बघा भक्तहो! माझी कृपा मुक्या जनावरावरही उतरली. आणि कुणाच्या हातून? माझ्यावर हसणाऱ्याच्या!"

टाळ्या पडल्या. एकजण कुत्र्याच्या पाया पडला. खानावळवाल्यानं झारा परत घेतला तो न धुता भिंतीवर टांगला आणि त्याला हार घातला. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात, ते हेच.

दुसऱ्या दिवशी ताई दुकानात आली. अक्षरांच्या तक्त्यासमोर बसवली.

"मधलं अक्षर कुणीतरी खाल्लंय," ती म्हणाली. "तिथे काळी कोर आहे. जिकडे बघीन तिकडे आधी ती. बाबा म्हणाले, हा सूर्याचा शिक्का, भाग्यवंताच्याच डोळ्यात उठतो."

आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन. बाबाकडे हिशेब उलटा होता.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंना दोन्ही पडद्यांवर भाजल्याचा डाग दिसला, कोरीच्याच आकाराचा. "काहींचं थोडंफार सुधारतं," त्या म्हणाल्या, "वाट बघू." वाट बघून झाली. कोर हलली नाही. मालकानं दुसरी बाई आणून बसवली.

एका संध्याकाळी ताईनं विचारलं, "त्या दिवशी झालं तरी काय होतं रे?"

मी टेबलावरचा दिवा लावला आणि तिच्या डब्यातलं एक बटण घेतलं.

"दिवा सूर्य, बटण चंद्र, तुझं डोकं पृथ्वी. अमावस्येला चंद्र आपल्या आणि सूर्याच्या मध्ये असतो. बहुतेकदा जरा वरून नाहीतर खालून निघून जातो. कधीतरी नेमका रेषेत येतो, सूर्य झाकला जातो. ते सूर्यग्रहण." बटण तिच्या डोक्यामागे नेलं. "पौर्णिमेला चंद्र इकडे. तेव्हाही रेष जुळली तर तुझ्या डोक्याची सावली त्याच्यावर पडते. ते चंद्रग्रहण. सगळा सावल्यांचा खेळ. सूर्य काही नरम होत नाही. जेवढा उघडा राहतो तेवढा तसाच भाजतो. पण उजेड कमी झाला की डोळा फसतो आणि बघत राहतो. डोळ्यातलं भिंग त्या कोरीचं चित्र पडद्यावर पाडतं. झग्यावरची कोर ग्रहण सुटल्यावर गेली. तुझी राहिली."

मी बटण पुन्हा दिव्यासमोर धरलं. "हे बघ."

"मधोमध धरलंयस ना? मग नाही दिसत मला."

मी हात खाली घेतला.

"म्हणजे शिक्का नाही. नुसता डाग."

"नुसता डाग."

"शिक्का होता तेव्हा झोप तरी लागायची रे."

मला रडू आलं. तिला माझा चेहरा दिसत नव्हता, म्हणून मी डोळे पुसलेही नाहीत.

आता डेपोच्या भिंतीवर पुढच्या ग्रहणाची पत्रकं लागली आहेत. काल एक तरुण बाई लहान मुलीला घेऊन दुकानात आली आणि ताईच्या पाया पडली. "शिक्का मिळालेल्या तुम्हीच ना?" ताईनं तिला सगळं सांगितलं, दिवा, बटण, भाजलेला पडदा. शेवटी म्हणाली, "बाळा, मला तुझा चेहरा दिसत नाही. पोरीला नेऊ नकोस."

बाईनं भक्तिभावानं हात जोडले. "आता तुम्हाला आमच्या चेहऱ्यांची काय गरज, ताई?" आणि पोरीचं डोकं ताईच्या पायांवर टेकवलं.

कुणी ऐकेल असं मला वाटत नाही. तरी सांगतो. ग्रहण जरूर बघा. सूर्याकडे पाठ करा, घरातला झारा उन्हात धरा आणि जमिनीकडे बघा. तिथे कुणी बाबा बसलेला नसेल. सूर्य तरीही उतरतील.