जिथं कुंकू होतं तिथं

अठ्ठ्याण्णव सालच्या वैशाखातली सकाळ. सगुणाबाईंनी अंघोळ उरकली, सुनेच्या डबीतलं कुंकू कपाळाला लावलं आणि भाकरी झाकून त्या ओसरीवर मालकांची वाट पाहत बसल्या. मालकांना जाऊन एकोणीस वर्षं झाली होती.

घनसावंगीजवळच्या त्या खेड्याला एवढं पुरेसं झालं. म्हातारी दोन वर्षांपासून चुलीवरचं दूध विसरत होती, नातवाला आपल्या भावाच्या नावानं हाक मारत होती. त्याचं कुणाला काही वाटलं नव्हतं. विधवेच्या कपाळावरचं कुंकू मात्र साऱ्यांच्या डोळ्यांत खुपलं. मेलेला नवरा तिच्या अंगात आलाय, असं बाया म्हणू लागल्या. मुलगा बद्रीनाथ चारचौघांत मान असलेला. त्यानं डॉक्टर सोडून अंगातलं उतरवणाऱ्या भुजंग जाणत्याला बोलावलं. जाणत्यानं विळा तापवला आणि जिथं कुंकू होतं तिथंच डाग दिला. आईचे हात बद्रीनाथनं धरले होते.

लेक सत्यशीला अंबडला दिलेली. तिला तिसऱ्या दिवशी कळलं. ती आली आणि आईला जीपमध्ये बसवून थेट औरंगाबादला घेऊन गेली. डॉक्टरांनी तपासण्या करून समजावलं, की हा स्मृतिभ्रंशाचा आजार आहे. मेंदूत प्रथिनांचे बारीक तुकडे तयार होतात आणि एरवी निघूनही जातात; या आजारात ते साचून राहतात, आसपासच्या पेशी मरत जातात. नवं आधी पुसलं जातं, जुनं मागे उरतं. सगुणाबाईंच्या लेखी मालक अजून शेतावरच होते.

सत्यशीलाला रडू आलं नाही, तिचं डोकं भणाणलं. बाई सगळं विसरली, फक्त नवरा विसरली नाही, आणि त्याचीच तिला शिक्षा दिली होती. परतताना तिनं पोलीस ठाणं गाठलं. घरातलं घरात मिटवा, असं हवालदार सांगत राहिला. तिनं कागद ओढून स्वतः तक्रार लिहिली; जाणत्याचं नाव दुसरं, भावाचं पहिलं.

आई आता अंबडला सत्यशीलाकडेच होती. कोर्टाची तारीख जवळ आली तसा बद्रीनाथ तिथं आला. आपल्या पोरीची सोयरीक मोडेल म्हणून गयावया करू लागला.

"सख्ख्या भावाला कोर्टात उभं करून राह्यलीस तू. तुझं माहेर तुटंल, बाई."

"माझं माहेर ह्या भिंतीपाशी बसलंय, दादा," आईकडे बघत ती म्हणाली. "तिचा डाग तेवढा पुसून दे. मंग लगेच तक्रार मागं घेते."

"तिला तर आता कायबी आठवत न्हाई."

असं म्हणत तो आईच्या पाया पडायला वाकला. सगुणाबाईंनी त्याला ओळखलं नाही. पण त्याचे हात जवळ येताच त्या भिंतीला टेकेपर्यंत मागं सरकल्या आणि दोन्ही तळव्यांनी त्यांनी कपाळ झाकून घेतलं.

बद्रीनाथ उठू लागला. सत्यशीलानं त्याला उठू दिलं नाही. आईचे हात आपणहून खाली येईपर्यंत तिनं त्याला तसंच समोर बसवून ठेवलं. मग म्हणाली, "सोमवारी अकराला कोर्ट उघडतं. येळेवर ये."