रुळावरचा ठोकळा

ताट वाढलेलं होतं, पहिला घास हातात होता, आणि ठोकळे उठला.

"आता कुठे?" बायकोनं विचारलं.

"आलोच."

"आत्ताच तर येऊन बसलात."

त्यानं घास ताटात परत ठेवला, चपला पायात सरकवल्या आणि क्वार्टरच्या मागच्या पायवाटेनं तो साइडिंगकडे निघाला. भर दुपार होती. वाटेवर कुत्रंसुद्धा नव्हतं. तो आधी झपाझप चालत होता, मग पळायलाच लागला. त्याच्या वयाच्या माणसाला असं पळताना कुणी पाहिलं असतं, तर घरात काही बरंवाईट झालं की काय असंच वाटलं असतं.

ठोकळे हे काही त्याचं खरं आडनाव नव्हे. खरं आडनाव नोकरीच्या कागदांवर होतं आणि तिथेच सुखात होतं. स्टेशनातली सगळी माणसं त्याला ठोकळे म्हणत, कारण उभा जन्म त्यानं एका लोखंडी ठोकळ्याच्या मागे घालवला होता.

स्टेशन लहानसं. त्याच्या वरच्या अंगाला धान्याचं मोठं गोदाम, आणि गोदामापासून खाली मुख्य मार्गापर्यंत उतरत येणारा रुळांचा एक फाटा, म्हणजेच साइडिंग. मालाच्या डब्यांना इकडे वाघिणी म्हणतात. इंजिन रिकाम्या वाघिणी गोदामाशी सोडून जायचं आणि भरलेल्या घेऊन जायचं. मधल्या काळात त्या वाघिणी उतारावर नुसत्या ब्रेकच्या आणि चाकाखालच्या लाकडी गुटक्यांच्या भरवशावर उभ्या असायच्या. ब्रेक सुटला, गुटका निसटला, तर भरलेली वाघीण घरंगळत थेट मुख्य मार्गावर जाऊन उभी राहणार. तिथे त्या वेळी एखादी गाडी असली, तर पुढचं बोलायलाच नको.

ते होऊ नये म्हणून हा ठोकळा. फाट्याच्या खालच्या टोकाशी, रुळाला लागून बिजागरीवर बसवलेला. उलटवला की तो रुळाच्या डोक्यावर जाऊन बसे. वरून घरंगळत आलेलं चाक त्यावर चढे आणि रूळ सोडून बाजूच्या चरात उतरे. वाघीण मातीत रुतणार, पोती फुटणार, साहेब लोक ओरडणार, पण माणसं वाचणार. इंजिनाला आत-बाहेर करायचं असलं की ठोकळा मागे पाडायचा, इंजिन गेलं की परत रुळावर चढवायचा आणि कुलूप घालून किल्ली खिशात टाकायची. एवढंच काम.

पण त्या कुलपात एक गोम होती. ठोकळा रुळावर असो की मागे पाडलेला असो, कुलूप दोन्हीकडे लागायचं. पाडलेला ठोकळा कुणी खेळत-खेळत चढवू नये म्हणून तीही सोय केलेली. त्यामुळे किल्ली खिशात असली म्हणजे कुलूप लागलंय एवढंच कळे. ठोकळा कुठे आहे ते किल्ली सांगत नसे. ज्यानं कुणी ते कुलूप बसवलं, त्याला वाटलं असेल, इतकी साधी गोष्ट कोण विसरणार आहे.

ठोकळे कधीच विसरला नव्हता. मग एका सकाळी कामावर जाऊन बघतो, तर ठोकळा मागे पाडलेला, त्याला व्यवस्थित कुलूप घातलेलं, आणि वर उतारावर गव्हानं भरलेल्या वाघिणी रात्रभर तशाच उभ्या. खालून किती गाड्या गेल्या होत्या देव जाणे. त्यानं इकडेतिकडे बघितलं, कुलूप काढलं, ठोकळा रुळावर चढवला आणि तिथेच खडीवर मटकन बसला. काही झालं नव्हतं. कुणाला कळलंही नव्हतं. पण त्या दिवसापासून त्याचा स्वतःवरचा भरवसा उडाला तो उडालाच.

तेव्हापासून हे असं ताटावरून उठणं. ठोकळा जागेवर आहे हे बघायचं, हात लावायचा, परत यायचं, आणि घराच्या पायरीशी येईपर्यंत मनात यायचं, आपण आत्ता बघितलं ते आजचं की कालचं? रोज तेच काम, तीच जागा, तोच हात. एक दिवस दुसऱ्या दिवसासारखा इतका हुबेहूब, की त्यातला आजचा कोणता ते ओळखू येईना. एकदा त्यानं शक्कल काढली. ठोकळा बसवला की तळहातावर खडूची रेघ. दोन दिवस बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी तो तळहाताकडे बघत बसला, कारण रेघ पुसट होती आणि ती केव्हाची ते त्याला सांगता येईना.

घरातही काही ठीक नव्हतं. दुकानात जाऊन तो रिकाम्या हातानं परत यायचा. मुलीला आपल्या बहिणीच्या नावानं हाक मारायचा. बायको आधी हसायची. "म्हातारे झालात," म्हणायची. पुढे तिनं हसणं बंद केलं.

आणि ही मुलगीच त्याच्या भीतीचं मूळ होती. ती शहरातल्या इस्पितळात नर्स होती आणि रोज संध्याकाळच्या पॅसेंजरनं घरी यायची. ती पॅसेंजर साइडिंगच्या तोंडावरूनच जायची. दुपार कलली की ठोकळेचा जीव टांगणीला लागे. गाडी येऊन मुलगी फलाटावर उतरलेली दिसली की जिवात जीव येई, तो दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत.

हे सगळं तो कुणाला बोलला नव्हता. बोलायचं तरी काय? निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. तेवढे निभावले की सुटलो, असं तो मनाशी म्हणायचा, आणि मग त्याला वाटायचं, थोडे महिने म्हणजे किती संध्याकाळी?

ताटावरून उठून धावला त्या दिवशी, दुपार कलताना इंजिन येऊन गेलं. ठोकळा पाडला, इंजिन बाहेर आलं. नंतर ठोकळे फाटकाशी गेला. स्टेशनजवळच्या रस्त्यावरचं फाटक एक बाई सांभाळायची. सगळे तिला फाटकवालीच म्हणत. नवरा गेल्यावर त्याच्या जागी लागलेली, तोंडानं फटकळ, हातानं कामसू. संध्याकाळी तिच्या केबिनीत दोघांचा चहा व्हायचा. तिनं फाटक बंद केलं होतं. पलीकडे दोन सायकली आणि एक ट्रॅक्टर थांबला होता. पॅसेंजर यायच्या बेतात होती. ती आपल्या सासूची काहीतरी गंमत सांगत होती आणि ठोकळे मान डोलवत होता.

तेवढ्यात वरून आवाज आला. आधी हलकासा, कुणीतरी साखळी ओढल्यासारखा. मग चाकांचा. इंजिन नसताना चाकांचा आवाज कसा होतो ते या दोघांना सांगायला नको होतं. गोदामातल्या हमालांनी दारासमोर आणायची म्हणून पहारीनं वाघीण ढकलली होती, ब्रेक सोडून, गुटके काढून. ते असं नेहमीच करायचे. आज ती त्यांच्या हातची गेली आणि जाताना पुढच्या वाघिणीलाही घेऊन निघाली.

फाटकवाली उभी राहिली. केबिनीतून साइडिंगचं टोक दिसत नसे, मध्ये गोदामाची भिंत होती.

"काका," ती म्हणाली, "ठोकळा आहे ना?"

ठोकळेनं तोंड उघडलं. आपण ठोकळा पाडला हे त्याला आठवत होतं. इंजिन बाहेर आलं, ड्रायव्हरनं हात केला, तेही आठवत होतं. कुलूप लावल्याचा खटका कानात होता. पण ठोकळा कुठे होता तेव्हा? त्यानं डोळे मिटले. रुळावर बसलेला ठोकळा दिसला. मागे पाडलेलाही दिसला. दोन्ही सारखेच खरे.

"काका, आहे ना?"

तिनं त्याच्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि काय ते ओळखलं. खुंटीवरचा लाल बावटा ओढून ती रुळांत उतरली आणि पॅसेंजरच्या दिशेनं धावत सुटली.

ठोकळेलाही पळायचं होतं. पण तो केबिनीच्या दाराला धरून उभा राहिला आणि ऐकत राहिला. एका बाजूनं चाकांचा आवाज वाढत होता, दुसरीकडून पॅसेंजरची शिट्टी येत होती. खिडकीशी बसलेली मुलगी त्याला दिसत होती, मांडीवर डब्याची पिशवी, डोळे मिटलेले, कारण रात्रपाळीच्या बाईनं हिला नेहमीप्रमाणे उशिरा सोडलं असणार. मी तिला मारलं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

मग प्रचंड आवाज झाला. जमीन हादरली. केबिनीतले कप खाली पडले. त्यानंतर इतकी शांतता झाली, की ट्रॅक्टरवाल्यानं इंजिन बंद केल्याचंही ऐकू आलं.

तो साइडिंगच्या तोंडाशी पोचला तेव्हा धूळ खाली बसत होती. पुढची वाघीण रूळ सोडून चरात तिरपी पडली होती, दुसरी तिच्या पाठीवर अर्धी चढलेली, आणि फुटलेल्या पोत्यांतून गहू अजून वाहत होता. ठोकळा रुळावर होता. वाकलेला, चिरलेला, पण रुळावर. मुख्य मार्ग मोकळा होता आणि त्यावर दूर अंतरावर पॅसेंजर उभी होती. तिच्यासमोर फाटकवाली बावटा धरून, गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होती.

माणसं उतरून धावत आली. कुणीतरी ठोकळेला मिठी मारली. मुलगी गर्दीतून वाट काढत आली, तिनं त्याचे दोन्ही हात धरले. "बाबा, तुमच्या ठोकळ्यानं वाचवलं आम्हाला," ती म्हणाली आणि रडायला लागली. ठोकळेही रडला. लोकांना वाटलं, आनंदानं.

पुढचे दोन दिवस नुसतं कौतुक. मोठे साहेब येऊन पाठ थोपटून गेले. स्टेशनमास्तर भला माणूस होता, त्याची तर छाती फुगली होती. निवृत्ती विसरा, तो म्हणाला, वरून मंजुरी मिळते आहे, आणखी दोन वर्षं थांबा, नव्या लोकांना शिकवा. फाटकवालीचंही कौतुक झालं. केबिनीतला तो प्रश्न तिनं कुणाला सांगितला नाही. चहाच्या वेळी ती ठोकळेच्या कपात चहा ओतायची आणि बाहेर रुळांकडे बघत बसायची. पूर्वीसारखी बडबड करत नव्हती.

रात्री त्यानं बायकोला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पण होता ना जागेवर? मग झालं तर. गप्प बसा. एवढा मान मिळालाय जन्मात पहिल्यांदा."

"दोन वर्षं म्हणतोय तो."

"नको म्हणून सांगा. तब्येतीचं कारण द्या."

"आणि तोवर? उद्या संध्याकाळी? पोरगी त्याच गाडीत असते."

बायकोनं पदर तोंडाला लावला. तिला सगळं केव्हाच कळलेलं होतं. फक्त ते घरात राहावं, बाहेर जाऊ नये, एवढीच तिची इच्छा होती. सकाळी तिनं त्याला धुतलेला शर्ट काढून दिला आणि बटणं स्वतः लावली.

मास्तरनं त्याला खुर्ची दिली. ठोकळे बसला नाही.

"साहेब, त्या दिवशी ठोकळा मी बसवला ते मला आठवत नाही."

मास्तर हसला. "अहो, घाबरगुंडी उडाल्यावर असं होतं. किल्ली तुमच्याकडे, म्हणजे तुम्हीच बसवला."

"बसवला असेन. पण एकदा बसवला नव्हता, तेही आठवत नव्हतं. मध्ये एका सकाळी पाडलेला सापडला, कुलपासकट. त्या दिवशी वाघिणी हलल्या नाहीत, या वेळी हलल्या. तुम्ही पाठ थोपटता ती कशाची, ते मला कळत नाही."

"हळू बोला," मास्तर म्हणाला. त्यानं उठून दार लोटलं. "हे तुम्ही बोललात तर सत्कार राहील बाजूला. चौकशी लागेल. इतक्या वर्षांच्या नोकरीवर शेवटी डाग. कशाला? मी म्हणतो, आपण सांभाळून घेऊ."

"फाटकवालीनं मला विचारलं, आहे ना. आयुष्यभर ज्या एका गोष्टीचं उत्तर मी झोपेतही दिलं असतं, ते मला देता आलं नाही." त्यानं खिशातून किल्ली काढली. "मला भीती वाटते, साहेब. मला फार भीती वाटते."

त्यानं किल्ली टेबलावर ठेवली. मास्तर तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं पुढे होऊन ठोकळेला हाताला धरून खुर्चीत बसवलं आणि स्वतः उभाच राहिला.

चौकशी झाली. डॉक्टरनं तपासलं. सत्कार झाला नाही. डाग मात्र मास्तरनं पडू दिला नाही, त्यासाठी त्यानं कुठे कुठे हात जोडले ते त्यालाच ठाऊक. साइडिंगला नवा ठोकळा आला, कुलूप तेच राहिलं. किल्ली फाटकवालीकडे गेली. निवृत्तीपर्यंत ठोकळेला फलाटावरच्या झाडांना पाणी घालायचं काम दिलं. काही झाडांना दिवसातून चारदा पाणी मिळायचं, काहींना मिळायचंच नाही, पण कुणी काही म्हणत नसे.

संध्याकाळी पॅसेंजर आली की मुलगी उतरून थेट त्या झाडांशी जायची, त्याच्या हातातली झारी घेऊन बाजूला ठेवायची आणि त्याला घरी न्यायची. दोघं गोदामाच्या भिंतीकडेनं चालायची. मागे गाडी सुटायची, तिचा आवाज लांब जायचा.

अशाच एका संध्याकाळी तो चालता-चालता थांबला. त्यानं तिचा हात घट्ट धरला.

"पॅसेंजर आली का गं?"

"आली, बाबा. मी त्याच गाडीनं आले."

"नीट आली?"

"नीट आली."

त्यानं मान हलवली. दोघं पुढे निघाली. घराचं वळण आलं, दारात बायको उभी असलेली दिसू लागली, तेव्हा त्यानं पुन्हा, अगदी पहिल्यांदाच विचारावं तसं, घाबरून विचारलं. आणि मुलीनंही पहिल्यांदाच सांगावं तसं सांगितलं, "आली, बाबा."